आठ जणींची साक्ष

शनिवार, ४ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही, पण मनातलं कुठंतरी ओकलं नाही तर मी फुटेन. मराठीत लिहितेय, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठीच शिकवते. दुसरं म्हणजे, हे शिकले उर्दू शाळेत. मराठी पाटीपुरतं वाचतात, पानभर वाचायची वेळ आली की चष्मा शोधायला लागतात. घरात आम्ही आमची खामगावी हिंदी बोलतो, ती इथं मराठी करून लिहीन.

हे म्हणजे अकील, माझे शोहर. बाजारात गादीघर आहे. लग्नाला तेवीस वर्षं झाली. पोरगा रेहान पुण्याला शिकतो, घरात आम्ही दोघंच. काल जुम्म्याची नमाज पढून आले. एरवी जुम्म्याला जेवतात, ढेकर देतात, खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी सोडतात आणि आडवे होतात. काल म्हणाले, "भाजी फक्कड झाली." मग उठून स्वतःचं ताट स्वतः धुतलं. आणि वर विचारतात, "तू थकत असशील ना?"

तेवीस वर्षांत पहिल्यांदा! बाईला आनंद व्हायला पाहिजे. मला मात्र शंका आली. ताट कोण धुतो? ज्याचं मन खातंय तो.

"बयान कशावर होतं?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चांगलं होतं." पूर्वी भोंग्यावरून सगळं सैपाकघरात ऐकू यायचं. आता आवाज मशिदीच्या आतल्या आत. हाफिजसाहेब प्रवचनात पुरुषांना काय सांगतात ते आम्हा बायकांना कळायची सोय नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

गादीवाल्याच्या दाढीत कापूस असतोच. हे रोज संध्याकाळी घरात आले की म्हातारे होऊन आल्यासारखे दिसतात. आज दाढी विंचरलेली, मेंदीनं लालसर. कानात अत्तराचा फाया. इस्त्रीचा निळा शर्ट. आणि खर्र्याची पुडी नाही! खिशात वेलची. मी खिसा तपासला नाही, कालचा शर्ट धुवायला घेतला होता. खर्रा सुटलेला माणूस मी आजवर फक्त जनाज्यावर पाहिलाय.

दुकानात येतं कोण? लग्नघरची माणसं, नाहीतर गादीवर उड्या मारणारी त्यांची पोरं. त्यांच्यासाठी अत्तर?

मी वह्या तपासत होते. हे समोर बसून माझ्याकडे पाहत दाढीवरून हात फिरवत राहिले. 

"खाज येतेय का?" मी विचारलं.

"नाही," म्हणाले आणि उठून गेले.

काहीतरी लपवतायत, नक्की.

गुरुवार, ९ जानेवारी

आमच्या गल्लीत दर गुरुवारी असरच्या नमाजेनंतर बायकांचा इज्तेमा, म्हणजे धर्माच्या गोष्टी ऐकायची बैठक, असतो, शेजारच्या जुबेदाभाभीच्या हॉलमध्ये. नेहमी बोलणाऱ्या आपा मक्केला, उमऱ्याला गेल्या, म्हणून सगळ्यांनी मला पुढं ढकललं. "तू मास्तरीण आहेस, तुले काय बोलायचं टेन्शन?" आणि विषय काय, तर मियाँ-बीवीचे हक आणि वफादारी. वा रे नशीब.

बोलले मात्र झकास. म्हटलं, नजर सांभाळायचा हुकूम बाईला आहे तसा पुरुषालाही आहे, आणि त्याला तर आधी आहे. अल्लाहनं नवरा-बायकोला एकमेकांचा लिबास म्हटलंय. कपडा काय करतो? उणं झाकतो, थंडीत ऊब देतो. नवरा-बायकोनं एकमेकांजवळ येणं ही लाजेची गोष्ट नाही. हराम ठिकाणी गेलात तर गुनाह, मग हलाल ठिकाणी त्याचा सवाब, पुण्य, मिळणारच. आणि हक एकट्या पुरुषाचा नाही, बाईचाही तेवढाच आहे.

 मग जुबेदाभाभीनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "सवाब एकाले भेटते का दोघाईले?"

"दोघांना."

"मंग आमचे मुश्ताक इतके आळशी काऊन?"

बायका अशा हसल्या की चहाचे कप आडवे झाले. मी ओरडले, "तिथली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा पण हुकूम आहे! आत्ताच सांगणार होते!"

घरी येऊन मात्र वाटलं, मी कोणत्या तोंडानं हे बोलले? मी किती वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपते. खर्र्याचा वास सहन होत नाही. रेहान लहान असताना एकदा सांगितलं होतं, तेव्हा हसण्यावारी नेलं. मग मी सांगणं सोडलं आणि भिंत धरली. त्यांनीही कधी विचारलं नाही. आता ते दुसरीकडे गेले असतील तर मी कोणाला दोष देऊ? तरी देईनच म्हणा.

इज्तेमातून निघताना जुबेदाभाभीनं मला दारात थांबवलं होतं. "मुश्ताक मटार सोलू लागले मले. नवीन बनियन आणले. कधीच्या काळी बनियन बदलला या माणसानं?"

साथच आलीय म्हणायची.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आमच्या शाळेतल्या योगिनी मॅडम डब्यात तिळगूळ घेऊन घरी आल्या. माझा चेहरा पाहूनच म्हणाल्या, "गोड बोला म्हणायची सोय नाही आज. काय झालं?"

सांगितलं सगळं. मॅडमनी बोटांवर मोजलं. "अत्तर, मेंदी, इस्त्री, अन् खर्रा बंद? मॅडम, गेलं तुमचं घर. आमचे प्रेमानंद पाहा. बारा वर्षांत अंगाले पावडर नाही लावली. त्याले म्हणतात इमानदार माणूस."

"दुसऱ्या कोणाच्यात असा फरक पाहिलात?"

"नाही ना! म्हणजे प्रेमानंदनं परवा दातांची नवी पेस्ट आणली, हिरवी. पण ते बिचारे तुमच्या मिस्टरांच्या दुकानात बसतात संध्याकाळचे, तिथं कोणी सांगितली असंल."

मॅडम सुखी आहेत.

गुरुवार, १६ जानेवारी

आजचा विषय मी स्वतःसाठीच निवडला होता. बदगुमानी. म्हटलं, दुसऱ्याला सांगता सांगता आपलंही डोकं थंड होईल. सांगितलं की उगीच संशय घेणं गुनाह आहे, टोह घेणं, पाळत ठेवणं मना आहे. पाकदामन, चांगल्या चालीच्या माणसावर आळ घ्यायचा असेल तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार आणा, नाही आणले तर आळ घेणाऱ्यालाच ऐंशी कोडे, म्हणजे चाबकाचे फटके. यापुढं त्याची साक्ष कोणी मानणार नाही. किती मोठा पहारा बसवलाय पाहा माणसाच्या अब्रूवर!

मला वाटलं, आता बायका शांत होतील. कसलं काय! ऐंशी कोडे कोणी ऐकलेच नाहीत. सगळ्यांनी 'चार साक्षीदार' एवढंच उचललं.

जुबेदाभाभी म्हणाली, "पण आपण तर बायका. एका माणसाच्या जागी दोन बाया. म्हणजे आठ लागतीन."

मी सांगायला गेले की या बाबतीत साक्षीला पुरुषच लागतात. मागून कोणीतरी म्हणालं, "पुरुष कुठून आणायचे? तेच तं आरोपी."



शुक्रवार, १७ जानेवारी

 हे जुम्म्याला गेले, फोन चार्जिंगला विसरले. फोन वाजला. मी उचलला नाही. पण वाजणाऱ्या फोनकडे नजर जाणं म्हणजे टोह घेणं नव्हे. नाव आलं, करिष्मा.

फोन बंद झाला आणि मेसेज चमकला. तोही आपोआप दिसला. "रविवारी सकाळी दहाला नक्की या. घाबरू नका, अजिबात दुखणार नाही. आता मध्येच सोडू नका."

या अल्लाह! घाबरू नका म्हणे. आणि काय सोडू नका? मला?

हे आले. मी विचारलं, "रविवारी दुकान बंद का?"

"दुकान पोरं पाहतीन. मले जरा काम आहे." आणि तोंड मिटून हसले. हल्ली तोंड मिटूनच हसतात. ज्याच्या पोटात पाप असतं त्याचं हसू असंच असतं.

शनिवार, १८ जानेवारी

उद्या मागावर जाऊन साक्ष द्यायला मला धरून सात जणी जमल्या. सातही जणींचे नवरे उद्या दहा वाजता 'जरा कामाला' जाणार आहेत. एकच करिष्मा आणि एवढे जण? माझी तर मतीच गुंग झाली.

आठवी योगिनी मॅडम. कोणीतरी म्हणालं, त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांची साक्ष कशी चालणार? मॅडम चिडल्या. "मले दोन डोळे नाहीत का?" घेतलं. शिवाय स्कूटी त्यांच्याकडेच आहे.

मला खरं तर रडायला येतंय. उद्या डोळ्यांनी पाहिलं तर मी काय करणार? रेहानला काय सांगणार? साक्षीदार मिळाले, पण त्यांना काही दिसू नये असं मनातून वाटतंय.

रविवार, १९ जानेवारी

लिहायला घेतलं, पण लाज कुठून सुरू करू?

सहा जणी दोन ऑटोत, मी योगिनी मॅडमच्या मागे स्कूटीवर. ह्यांची गाडी नांदुरा रोडला एका इमारतीखाली लावलेली दिसली. शेजारी मुश्ताकभाईंची. शेजारी आणखी ओळखीच्या. वर पाटी होती म्हणे. पाटीवर भोपळ्याएवढा दात काढला होता म्हणे. आठ जणींपैकी एकीनंही पाहिला नाही. आमचं लक्ष गाड्यांवर होतं.

जुबेदाभाभी सगळ्यांत पुढं. दार ढकलून ओरडली, "कुठी हाय ते करिष्मा?"

समोर बाकावर ओळीनं आमचे नवरे बसलेले. सगळ्यांची तोंडं उघडी, काहींची भीतीनं आणि काहींची डॉक्टरनं सांगितलं म्हणून. आतल्या खुर्चीत आडवे झालेले खुद्द हाफिजसाहेब, तोंडावर दिवा. आणि पहिल्या बाकावर हे. एक गाल सुजलेला, आणि आयुष्य कापसात गेलेल्या या माणसाच्या तोंडात कापसाचा बोळा.

मास्क लावलेली एक चष्मेवाली पोरगी बाहेर आली. आमच्या रेहानपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. "मीच डॉक्टर करिष्मा. नंबर लावलाय का? आज फक्त खर्रेवाले घेतोय."

आठ बुरखे... नाही, सात बुरखे आणि एक साडी, दारात अडकून राहिली.

"प्रेमानंद!" साडी किंचाळली. कोपऱ्यात तिचे इमानदार मिस्टर वर्तमानपत्रामागे लपत होते. "तुम्ही कोणत्या मशिदीत जाता हो?"

"अकीलभाई म्हणे, बायकोसाठी करून पाहा," प्रेमानंदभाऊ पुटपुटले. "मी म्हटलं, पाहू."

हाफिजसाहेब चूळ भरून बाहेर आले. चांगला माणूस, आमच्याकडे पाहिलंही नाही, जमिनीकडे नजर ठेवून बोलले. "बहनो, या महिन्याच्या पहिल्या जुम्म्याले मी बोललो होतो. बायकोनं आपल्यासाठी सजावं असं वाटते ना, मंग आपणही तिच्यासाठी सजावं. पैगंबरसाहेबांच्या सोबतच्या एका सहाबीनं हे स्वतः सांगितलेलं आहे. घरात हात लावा, दाढी विंचरा, तोंडाले वास येऊ देऊ नका, तिचाही हक आहे. अन् केलं तं ढोल पिटू नका, उपकार दाखवू नका. डॉक्टरीणबाईनं रविवार दिला. माह्ये स्वतःचेच दात खराब होते, म्हणून पयला नंबर मी लावला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हे उठले. बोळ्यामुळे आणि इंजेक्शनमुळे बोलता येत नव्हतं. माझ्यासमोर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, औषधाचं नव्हतं. अडखळत, अर्ध्या जिभेनं म्हणाले, "तू भिंतीकडं तोंड करते म्हणून."

आणि जिना उतरून गेले. एवढे शब्द मात्र मला स्वच्छ समजले.

सोमवार, २० जानेवारी

 ताट ह्यांनी आज पण स्वतः धुतलं. त्या ताटाकडे बघून मला रडू आलं.

गुरुवार, २३ जानेवारी

इज्तेमा. हॉल भरलेला आणि कोणाचं कोणाकडे वर पाहायचं धाडस नाही. मी उभी राहिले. कसलीच तयारी केली नव्हती. म्हटलं, "गेल्या गुरुवारी मी सांगितलं होतं की आळ घेणाऱ्याला ऐंशी कोडे. तुम्ही ऐकलं नाही, पण बोलणारीनं तरी ऐकायला पाहिजे होतं. मी सांगत होते एक आणि मनात करत होते दुसरं. माझा नवरा माझ्यासाठी सुधारत होता आणि मी त्याच्यासाठी साक्षीदार गोळा करत होते."

मी खाली बसले.

जुबेदाभाभी नाक पुसत म्हणाली, "आठ जणी होतो ना आपण? दहा-दहा येतीन वाट्याले. मिळून खाऊ."

तेव्हा कुठं हॉल हसला. मीही हसले, पण घरी येऊन पाहते तर हे आधीच भिंतीकडे तोंड करून आडवे झालेले. आता भिंत त्यांनी धरलीय. माझ्या वाट्याची भिंत मी त्यांना दिली. हे असंच राहिलं तर काय करायचं? तेवीस वर्षं झाली, पुढची तेवीस मी पाठीशी बोलू?

शनिवार, २५ जानेवारी

शाळा सुटल्यावर सरळ दुकानात गेले. मी दुकानात जात नाही, कापसानं शिंका येतात. आज गेले.

गिऱ्हाईक होतं. सुलतानपूरचे भगवानराव आणि त्यांच्या रुखमाबाई, पोरीच्या लग्नाच्या गाद्या पाहायला आलेले. ह्यांनी मला पाहिलं आणि गादीचा भाव सांगता सांगता विसरले. निळा शर्ट नव्हता. जुनाच, मळका. दाढीत कापूस. 

"गिऱ्हाईक आहे," म्हणाले.

"असू द्या. मला बोलायचंय. मी चुकले. तुमच्यावर आळ घेतला."

"ते मी त्याच दिवशी माफ केलं." कापडाची घडी घालत होते, वर पाहिलं नाही. "त्याचं नाही काही. माणूस चुकते. पण तू सगळं पाहिलं होतं. जुबेदाभाभीनं मुश्ताकले सांगितलं, त्यानं मले. अत्तर पाहिलं. मेंदी पाहिली. वेलची पाहिली. शर्ट पाहिला. सगळं पाहिलं तू, अन् एकदाही बोलली नाही की बरे दिसता. मी रोज वाट पाहू. तुले काही दिसतच नाही असं मले वाटे. आता कळलं की दिसत होतं, फक्त चोर म्हणून दिसत होतं."

 शाळेत मी शंभर पोरांना गप्प करते. इथं माझंच मला आवरेना. आणि मग जे तोंडात आलं ते आलं.

"रोज दिसत होतं! निळा शर्ट घालून तुम्ही पायरी उतरलात ना, माझ्या हातातून खडू पडला... म्हणजे चमचा पडला. लग्नात पण तुम्ही इतके देखणे दिसला नव्हतात. म्हणून तर भीती वाटली! मला वाटलं, इतका चांगला दिसणारा माणूस माझ्यासाठी कशाला चांगला दिसेल? मी त्याला पाठच दाखवलीय इतकी वर्षं. हा नक्की दुसऱ्या कोणासाठी असेल."

दुकानात कापूस उडत होता तेवढाच. मला तीन शिंका आल्या.

रुखमाबाई पदर सावरत म्हणाल्या, "भाऊ, बाई खरं बोलून राह्यली. म्या डोळ्यानं पाह्यलं तिचं तोंड."

भगवानरावांनी गालावरून हात फिरवला. "काय वं, मी पण ठेवू का दाढी?"

"तुमी पयले रोज आंघोळ करा."

हे हसले. तोंड उघडून हसले, दात स्वच्छ, अगदी सगळे दिसले. म्हणाले, "मास्तरीण, पुन्हा सांग. ते देखणेवालं."

"लोकं आहेत!"

"असू दे."

सांगितलं. भगवानरावांनी चार गाद्या घेतल्या. आमचं बोलणं ऐकून घेतल्या की काय, त्यांनाच माहीत.

बुधवार, २९ जानेवारी

भिंतीकडे आता कोणीच तोंड करत नाही. याच्यापुढचं लिहिणार नाही. तिथली गोष्ट बाहेर सांगायची नसते, आणि डायरी झाली तरी ती बाहेरच.

योगिनी मॅडम शाळेत म्हणाल्या, प्रेमानंदभाऊंनी पावडर लावली, जरा जास्त झाली, मुलगी घाबरली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

जुम्मा. शाळा सकाळचीच, मी घरी, भात चुलीवर होता. हे अंघोळ करून, दाढी विंचरून, अत्तर लावून तयार. जायचं सोडून सैपाकघराच्या दारात उभे.  नुसते उभे.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. लाज पण वाटली, दिवसाढवळ्या, खिडकी उघडी. पण बोलायचं ठरवलंय तर बोलायचं.

"छान दिसता," मी म्हटलं. "जा आता, नमाजेला जमात उभी राहील."

गेले. फाटक वाजलं. भातावर झाकण ठेवलं तोच पुन्हा पावलं वाजली. हे परत दारात. चप्पल हातात धरलेली.

"नुसतं छान?"

मला हसू आवरेना. खिडकीपलीकडे जुबेदाभाभीची भांडी एकदम थांबली होती, म्हणजे कान इकडेच.

"फार छान!" मी मुद्दाम जोरात म्हटलं. "सगळ्या गल्लीत तुमच्यासारखा दुसरा नाही! झालं?"

"झालं," म्हणाले, आणि असे पळाले की टोपी घ्यायची राहिली. मी ती घेऊन रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे धावले.